शब्दचर्चा : 'राजनिष्ठ', 'अंकित' की 'साम्राज्यनिष्ठ'? अमेरिकेतल्या वसाहती ब्रिटिश गादीखाली राहिल्या असत्या तर

वाङ्मयी

अमेरिकेतल्या १३ ब्रिटिश वसाहती फुटल्याच नाहीत, लंडनच्या राजाला मानत राहिल्या, असे गृहीत धरलेली एक दीर्घकथा आहे. काळ १७७४ ते १८४०. ती मराठीत लिहिताना काही शब्दांपाशी अडते. 'लॉयलिस्ट'ला, म्हणजे वसाहतींच्या बंडात राजाच्या बाजूने राहिलेल्याला, 'राजनिष्ठ' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे फेटेवाला रावबहादूर उभा राहतो. 'क्राउन'ला राजा म्हणावे, मुकुट म्हणावे की गादी? 'चार्टर', 'प्रोप्रायटरी' आणि 'रॉयल' असे वसाहतींचे तीन प्रकार होते, त्यांना काय म्हणावे? 'डोमिनियन', म्हणजे राजा तोच ठेवून स्वतःचा कारभार पाहणारा देश, हा शब्द तसाच ठेवावा का? शिवाय पानभर 'असते तर… झाले असते' चालू राहिले की वाक्ये दमतात. त्यावर उपाय सुचवावा.

दफ्तरदार

'राजनिष्ठ' टाकून देऊ नका. तो कुणाला लावायचा ते मात्र आधी ठरवा, कारण १७७४ साली हा शब्द दोन्ही बाजूंना लागू पडत होता.

त्या वर्षी फिलाडेल्फियात पहिली काँटिनेंटल काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, भरली. तिथले बहुतेक सभासद स्वतःला राजाची निष्ठावंत प्रजाच म्हणवत होते. त्यांचे भांडण पार्लमेंटशी होते. जॉन ॲडम्स, जेफर्सन, जेम्स विल्सन या वसाहतींच्या पुढाऱ्यांची मांडणी अशी, की वसाहतींना इंग्लंडशी जोडणारा दुवा एकटा राजा. पार्लमेंट ही इंग्लंडची सभा, तिने मॅसॅच्युसेट्सवर कर बसवायचे कारण नाही. शब्द काटेकोर धरला तर त्या घडीला 'राजनिष्ठ' हेच. आणि इतिहास ज्यांना लॉयलिस्ट म्हणतो ते जोसेफ गॅलोवे, थॉमस हचिन्सन हे राजाबरोबर पार्लमेंटचेही वर्चस्व मानणारे. तेव्हा माझी सूचना अशी: विशेषण म्हणून 'राजनिष्ठ' दोन्ही बाजूंच्या तोंडी येऊ द्या, त्यांना त्यावरून भांडू द्या. पक्षाचे नाव म्हणून मात्र 'राजपक्ष' आणि 'राजपक्षीय' वापरा. 'टोरी' ही त्यांना मिळालेली शिवी होती. ती संवादात तशीच ठेवावी, तिचे भाषांतर करू नये.

'साम्राज्यनिष्ठ' हा तिसरा शब्द तुमच्या कथेत बहुधा येणारच नाही. खऱ्या इतिहासात युद्ध हरल्यावर सुमारे ६०,००० राजपक्षीय देश सोडून गेले. त्यांतले ३०,००० च्या आसपास नोव्हा स्कोशियात उतरले आणि त्यांच्यामुळे १७८४ साली न्यू ब्रन्सविक हा वेगळा प्रांत काढावा लागला. क्वेबेकचा गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टर याने १७८९ साली त्यांची वेगळी नोंद ठेवायला लावली आणि पुढे त्यांच्या वंशजांच्या नावामागे 'यू. ई.' ही अक्षरे लागली. अर्थ, साम्राज्याची एकजूट. ही निर्वासितांची पदवी आहे. युद्धच झाले नाही तर निर्वासित नाहीत, पदवी नाही, न्यू ब्रन्सविकही नाही. नकाशा काढणार असाल तर एवढे लक्षात ठेवा.

आता रावबहादुराचा मुद्दा. आपल्याकडे 'राजनिष्ठा' या शब्दाला आलेली चव १८५८च्या राणीच्या जाहीरनाम्यानंतरची आहे. टिळकांवर १८९७ आणि १९०८ साली राजद्रोहाचे खटले चालले, त्यामुळे 'राजद्रोही' हे भूषण झाले आणि 'राजनिष्ठ' हा शब्द ओशाळला. पण ती निष्ठा मत देण्याचा हक्क नसलेल्या प्रजेकडून मागितलेली होती. व्हर्जिनियात निवडून आलेली सभा १६१९ पासून बसत होती. गव्हर्नरचा पगारसुद्धा अनेक वसाहतींत अशा सभाच मंजूर करत. तिथली राजनिष्ठा सशर्त होती, हिशेब मागणारी होती. पहिल्या दहा पानांत एखाद्या सभेने गव्हर्नरचा पगार अडवून धरल्याचा प्रसंग घाला. रावबहादूर आपोआप बाजूला होईल.

तर्खडकरी

क्रियापदांविषयी. मराठीत घडू शकणारी अट वेगळी आणि हुकलेली अट वेगळी. 'ठराव मंजूर झाला तर वसाहती शांत होतील' यात अजून वाट मोकळी आहे. 'ठराव मंजूर झाला असता तर वसाहती शांत झाल्या असत्या' यात वाट बंद झाली आहे. पर्यायी इतिहासाचे निवेदन दुसऱ्या प्रकारात सुरू होते. चूक होते ती तिथेच राहण्यात.

फाटा फुटतो त्या एका वाक्यात, फार तर दोन वाक्यांत, 'असता तर' वापरा. पुढचे सगळे साध्या भूतकाळात लिहा: 'महापरिषद जानेवारीत बसली. तिने चहावरची जकात नाकारली.' वाचक तुमच्या जगात आला आहे, त्याला दर ओळीला बाहेर काढू नका. खऱ्या इतिहासाशी तुलना करायची असेल तेव्हाच 'असते'कडे परता. आणि आता ते उलट्या दिशेने वापरायचे असते, म्हणजे कथेतले पात्र म्हणेल, 'त्या दिवशी ठराव फेटाळला असता तर युद्ध पेटले असते.' हा उलटा वापर फार परिणामकारक होतो. तो दोन-तीन मोक्याच्या जागांसाठी राखून ठेवा.

एक सापळाही सांगतो. जुन्या वळणाच्या मराठीत 'तर' नसलेला 'असता' हा नुसता काळ दाखवतो. 'गव्हर्नर बोस्टनला आला असता लोक जमले' म्हणजे तो आला तेव्हा लोक जमले, ही घडलेली गोष्ट. अठराव्या शतकाचा बाज आणायला तुम्ही हे वळण वापराल आणि दोन ओळींनंतर 'तर' गाळून हुकलेली अट लिहाल, तेव्हा वाचकाला खरे-खोटे कळणार नाही. या मजकुरात नियम एकच ठेवा: हुकलेल्या अटीत 'तर' कधीही गाळायचा नाही, आणि घडलेल्या गोष्टीसाठी 'असता'ऐवजी 'तेव्हा'.

लेखनप्रकाराचे नाव 'पर्यायी इतिहास' हेच रूढ आहे, तेच घ्या. 'जर-तरचा इतिहास' बोलताना ठीक. ज्या घटनेपासून इतिहास वेगळा होतो तिला 'विचलनबिंदू' असे जड नाव देण्यापेक्षा 'फाटा' म्हणावे.

वाङ्मयी

आभार. फाटा सध्या सॅराटोगाला ठेवला आहे. ऑक्टोबर १७७७ मध्ये ब्रिटिश जनरल बर्गॉइन शरण न येता जिंकतो, बंड मोडते, वसाहती राजाकडे राहतात. त्याने शब्दांत काही फरक पडेल का?

दफ्तरदार

सगळाच पडेल. निष्ठ राहणे आणि ताब्यात ठेवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सॅराटोगाला जिंकलेल्या वसाहतींत फौज ठाण मांडून बसेल, जप्त्या होतील, राजद्रोहाचे खटले चालतील. त्यांना 'अंकित' म्हणा, 'राजनिष्ठ' म्हणू नका. 'मांडलिक' तर मुळीच नको. मांडलिकाला स्वतःचा राजा असतो आणि तो खंडणी देतो, इथे तसे काही नाही. बंडाची नावेही फाट्यावर ठरतील. जिथे बंड हरले त्या जगात ते 'बंड'च राहील, 'क्रांती' आणि 'स्वातंत्र्ययुद्ध' हे शब्द त्या जगातल्या छापील कागदावर येणार नाहीत. १८५७च्या नावांवरून आपल्याकडे झालेला वाद आठवा, म्हणजे मुद्दा लगेच पटेल.

कथा खरोखर निष्ठेची असेल तर फाटा युद्धाच्या आधी न्या. जागा चार आहेत आणि त्या सारख्या वजनाच्या नाहीत.

१७५४ची ऑल्बनी योजना बेंजामिन फ्रँकलिनची. ४८ सभासदांची महापरिषद, प्रत्येक वसाहतीला २ ते ७ जागा, वर राजाने नेमलेला महाध्यक्ष. ती वसाहतींच्या सभांनीच नाकारली, कारण कर बसवायचा अधिकार त्यांना कुणाला द्यायचा नव्हता. लंडनलाही ती रुचली नाही. तेव्हा लंडनशी भांडण पेटलेले नव्हते, म्हणून हा फाटा ओढूनताणून वाटतो. १७६६ साली वसाहतींतल्या कागदपत्रांवर कर बसवणारा मुद्रांक कायदा मागे घेतला तेव्हा दिवाळी झाली, पण त्याच वेळी पार्लमेंटने वसाहतींवर सर्व बाबतींत कायदे करण्याचा आपला अधिकार वेगळ्या कायद्याने ठणकावून सांगितला. तो दुसरा कायदा झाला नसता तर, हा फाटा चांगला आहे. १७७८चे लंडनने समेटासाठी धाडलेले कार्लाइल शिष्टमंडळ जवळजवळ सगळे देऊ करत होते, करांचा हट्टसुद्धा सोडला होता. पण ते जूनमध्ये पोहोचले आणि फ्रान्सशी झालेला तह काँग्रेसने मे महिन्यात मंजूर करून टाकला होता.

सर्वांत सकस फाटा २८ सप्टेंबर १७७४. गॅलोवेने काँग्रेसपुढे मांडलेली एकीकरणाची योजना. वसाहतींच्या सभांनी दर ३ वर्षांनी निवडलेली महापरिषद, राजाच्या मर्जीपर्यंत पदावर राहणारा महाध्यक्ष. एकाहून अधिक वसाहतींना लागू होणारा कायदा पार्लमेंटमध्ये मांडा किंवा महापरिषदेत, मंजुरी दोघांची हवी. फक्त युद्धकाळात राजाला मदतीची रक्कम मंजूर करायला पार्लमेंटची गरज नाही. योजना ६ विरुद्ध ५ वसाहतींच्या मतांनी बाजूला पडली आणि पुढे कामकाजाच्या नोंदीतूनही काढून टाकली. एका वसाहतीचे मत फिरले असते तर एवढाच तुमचा 'असता तर'.

तरीही पुढे काय बिघडेल ते लिहायला विसरू नका. काँग्रेसने मंजूर केलेली योजना पंतप्रधान लॉर्ड नॉर्थच्या मंत्रिमंडळाला पटवावी लागलीच असती, आणि कंपनीचा चहा समुद्रात फेकल्याची शिक्षा म्हणून बोस्टन बंदर तेव्हा बंद होते. ही गाठ कोण सोडवतो यावर तुमची कथा उभी राहील.

गलबत

'दूरच्या राजाशी निष्ठा' यातला 'दूर' शब्द दिवसांत मोजून लिहा. लेक्सिंग्टनची, म्हणजे युद्धाची पहिली, चकमक १९ एप्रिल १७७५ची. तिची बातमी लंडनला २८ मे रोजी पोहोचली, आणि तीही खास घाईने धाडलेल्या जहाजाने. पश्चिमेकडे येताना वारा आडवा, ६ ते ८ आठवडे धरा. म्हणजे प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत ३ महिने गेले. काँग्रेसची राजाला शेवटची विनवणी ८ जुलै १७७५च्या तारखेची, मूळ प्रत १ सप्टेंबरला मंत्र्याच्या हाती पडली. त्याआधी २३ ऑगस्टलाच वसाहती बंडखोर ठरवणारा जाहीरनामा निघाला होता. टिकाऊ समुद्री तार १८६६ सालची. तुमचा कालखंड १८४० ला संपतो, तेव्हा कथेत कुठेही 'राजाने तत्काळ कळवले' असे वाक्य नको. महाध्यक्षाला मुखत्यारी द्यावीच लागेल. त्यासाठी 'मुखत्यार' हा आपला शब्द उत्तम आहे.

पुण्याचा संदर्भ आणणार असाल तर तो ओढलेला वाटणार नाही, कारण बोस्टनला फेकलेला चहा ईस्ट इंडिया कंपनीचाच होता. मात्र आपल्या बाजूच्या तारखा जशाच्या तशा उचलू नका. अमेरिकेच्या युद्धात १७७८ साली फ्रान्स उतरला, आणि त्याच सुमारास पुण्यात फ्रेंच वकील सेंट ल्युबिन येऊन बसल्याने मुंबईकर इंग्रज हादरले होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज मराठ्यांपुढे हरले, १७ मे १७८२ रोजी दोघांत सालबाईचा तह. अमेरिका शांत असती तर इंग्रजांकडे जहाजे, पैसा आणि पलटणी मोकळ्या राहिल्या असत्या, आणि नाना फडणिसांपुढचा डाव निराळा पडला असता. यॉर्कटाउनला १७८१ साली ज्याच्या फौजेने शस्त्रे ठेवली तो कॉर्नवॉलिस १७८६ साली इथे गव्हर्नर जनरल म्हणून आला. तुमच्या जगात तो आला तर कोणती कीर्ती घेऊन येतो, हे ठरवावे लागेल.

दफ्तरदार

'क्राउन' आणि वसाहतींचे प्रकार राहिले होते.

'क्राउन'चे तीन अर्थ आहेत आणि मराठीत तिन्हींना वेगळे शब्द आहेत. माणूस असेल तर 'राजा'. वारसाहक्काने चालत आलेली सत्ता असेल तर 'गादी'. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी म्हणणाऱ्या वाचकाला 'गादीशी इमान' लगेच कळते. जमीन धारण करणारे, दावे लावणारे खाते असेल तर 'सरकार'. 'मुकुट' ही डोक्यावर घालायची वस्तू, तिला तेवढ्याच कामाला ठेवा.

'चार्टर'ला 'सनद' हा पक्का शब्द आहे. कंपनीचीही सनदच होती. १७७५च्या सुमारास १३ पैकी २ सनदी वसाहती: कनेटिकट, सनद १६६२ची, आणि ऱ्होड आयलंड, १६६३ची. या दोघांचा गव्हर्नर लोकच निवडत. सनदा इतक्या सोयीच्या होत्या की स्वतंत्र झाल्यावरही कनेटिकटने १८१८ पर्यंत आणि ऱ्होड आयलंडने १८४३ पर्यंत त्यावरच कारभार चालवला. तुमच्या कथेत सर्वांत समाधानी राजनिष्ठ इथे भेटतील.

'रॉयल' वसाहती ८, मॅसॅच्युसेट्स धरून. त्यांना मी 'खालसा वसाहत' म्हणेन. व्हर्जिनिया कंपनीची सनद रद्द होऊन १६२४ साली ती वसाहत सरकारने थेट आपल्याकडे घेतली, त्याला 'खालसा केली' हेच क्रियापद शोभते. सावधगिरी एवढीच की डलहौसीमुळे आपल्या कानाला त्यात बळजोरी ऐकू येते. कॅरोलायनाच्या ८ मालकांपैकी ७ जणांनी १७२९ साली आपले हिस्से सरकारला विकले, तिथे 'खालसा' लिहू नका, 'सरकारने विकत घेतली' असे सरळ लिहा.

उरल्या 'प्रोप्रायटरी' ३: पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, मेरीलँड. 'जहागीर' मोह पाडते, पण जहागीर चाकरीबद्दल मिळते आणि काढून घेता येते. विल्यम पेनला १६८१ साली मिळालेला मुलूख वडिलांच्या १६,००० पौंडांच्या येण्यापोटी होता आणि वंशपरंपरेचा होता. राजाला द्यायचे काय, तर दरसाल बीव्हरची २ कातडी आणि सापडेल त्या सोन्याचांदीचा पाचवा हिस्सा. मेरीलँडच्या १६३२च्या सनदेत कातड्यांच्या जागी २ बाण आहेत. हा नजराण्याचा प्रकार आहे. त्यामुळे 'वतन' जवळ येते. संवादात 'वतनदार' छान वाजेल. स्पष्टीकरणाच्या मजकुरात 'मालकीची वसाहत' पुरे.

वाङ्मयी

'वतनदार' घेते. 'डोमिनियन'चे काय?

दफ्तरदार

हा शब्द तुमच्या जगात बहुधा जन्मालाच येणार नाही, निदान आपल्याला माहीत असलेल्या अर्थाने. १८६७ साली कॅनडाचा संघ झाला तेव्हा तिथला नेता मॅकडोनल्ड याला 'किंग्डम ऑफ कॅनडा' हे नाव हवे होते. शेजारच्या अमेरिकी प्रजासत्ताकाला राज्य हा शब्द खुपेल म्हणून लंडनने ते टाळले आणि 'डोमिनियन' आले. तुमच्याकडे ते प्रजासत्ताकच नाही, मग खुपणार कुणाला? शिवाय न्यू इंग्लंडमध्ये हा शब्द बदनाम होता. दुसऱ्या जेम्सने १६८६ साली तिथल्या वसाहतींच्या सभा मोडून 'डोमिनियन ऑफ न्यू इंग्लंड' बनवले आणि एडमंड अँड्रॉसला वर बसवले. एप्रिल १६८९ मध्ये बोस्टनकरांनी त्याला कैद केले. बोस्टनचा कुठलाही प्रतिनिधी नव्या संघाला हे नाव सुचवणार नाही. व्हर्जिनियाचे टोपणनाव मात्र 'जुने डोमिनियन', तेव्हा तिथल्या माणसाच्या तोंडी ते अभिमानाने येईल. या दोघांना एका खोलीत बसवा.

संघाला 'महासंघ' किंवा 'एकीकृत वसाहती' म्हणा. निवेदकाला त्या स्थितीचे वर्णन करायचे असेल तर आपल्याकडे तयार नाव आहे: 'वसाहतीचे स्वराज्य'. दादाभाईंनी १९०६च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये स्वराज्य मागितले ते ब्रिटन किंवा वसाहतींच्या धर्तीचे; १९२८च्या नेहरू अहवालात तीच मागणी होती, १९२९ला लाहोरला ती मागे पडून पूर्ण स्वराज्य आले, तरीही १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० आपण त्याच चौकटीत होतो. या नावाच्या मुळाशी असलेली कल्पना ॲडम्स-जेफर्सन यांनी १७७४ला मांडली होती: राजा एक, विधिमंडळे बरोबरीची. लंडनने ती १९२६ला शब्दांत मान्य केली आणि १९३१ला कायद्यात. मला हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो तो यासाठी, की अमेरिकेतली ही हुकलेली शक्यता पुढे कॅनडामार्गे आपल्या दारापर्यंत आली. पात्रांच्या तोंडी मात्र हे नाव घालू नका. १७८०चा बोस्टनकर फार तर 'घरचा कारभार आमचा' असे म्हणेल.

गलबत

दोन शब्द राहिले, 'गुलाम' आणि 'हद्दपार'.

'साम्राज्यात राहिले म्हणून १८३४ला गुलामगिरी संपली' हे वाक्य अशा कथांत सर्रास येते. आधी हिशेब करा. १८३३च्या कायद्याने सुमारे ८ लाख गुलाम सुटणार होते आणि मालकांना २ कोटी पौंड भरपाई ठरली, म्हणजे माणशी २५ पौंड. अमेरिकेत १८३०च्या जनगणनेत गुलाम २० लाखांवर. त्याच दराने आणखी ५ कोटी पौंड लागतील, आणि जमेकाच्या मळेवाल्यांच्या जोडीला व्हर्जिनिया-कॅरोलायनाचे मळेवाले लंडनमध्ये बसलेले असतील. कायदा लांबेल, की राजनिष्ठ दक्षिणच बंड करेल? दुसरी शक्यता मला जास्त खरी वाटते. सुटल्यावरही शेतमजुरांना १८३८ पर्यंत मालकाकडे राबावे लागले. त्याला 'उमेदवारी' (अप्रेंटिसशिप) म्हणत. मराठीत अवतरणात लिहा, नाहीतर कारखान्यातली उमेदवारी वाटेल.

'हद्दपार'च्या जागी 'काळे पाणी' नको, तो ऐकला की १८५८ नंतरचे अंदमान आठवते. १७१८च्या कायद्याने इंग्लंडचे कैदी ७ किंवा १४ वर्षांसाठी मुख्यतः मेरीलँड-व्हर्जिनियाला पाठवत आणि तिथे त्यांची चाकरी विकली जाई. युद्धाने ही वाट बंद झाली म्हणून १७८८ साली ऑस्ट्रेलियात पहिला तांडा उतरला. तुमच्या १८४०च्या नकाशावर सिडनी दाखवायची असेल तर तिला दुसरे कारण शोधा.

तर्खडकरी

'संस्थाने' हा शब्दही गाळा. 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' हे आपल्याकडचे जुने नाव आहे, पण तुमच्याकडे ती स्थितीच नाही. 'प्रांत' किंवा 'वसाहती' लिहा. 'वसाहत'पुढे पहिल्या वेळी 'ब्रिटिश' लावा, म्हणजे औद्योगिक वसाहतीची आठवण येणार नाही. न्यूयॉर्कचे किंग्ज कॉलेज १७८४ला कोलंबिया झाले, तुमच्याकडे ते किंग्जच राहील. मोहॉक आणि त्यांच्या बरोबरीची मूळ अमेरिकी राष्ट्रे स्वतःला राजाचे दोस्त समजत. त्यांना 'प्रजा' म्हणू नका, त्यांच्याशी झालेल्या कागदाला 'तह' म्हणा. आणि 'कॅनेडियन' म्हणजे तेव्हा क्वेबेकचा फ्रेंच बोलणारा कॅथलिक. बोस्टनचा इंग्रज स्वतःला 'अमेरिकन' म्हणत होताच, आणि राजाच्या वाढदिवसाला प्याला उचलतानाही तेच म्हणेल.